दुसऱ्या आवाजातलं गाणं

चर्चच्या गायकवृंदात तिला सगळे सेकंडबाई म्हणायचे. गाण्याची मुख्य चाल, जी ऐकून कुणीही रस्त्याने गुणगुणत जातो, ती पहिल्या आवाजाच्या बायका म्हणत. त्या चालीच्या खालून, तिला धरून, पण तिच्यासारखा अजिबात नसलेला जो दुसरा आवाज चालतो, तो हिचा. लग्न होऊन आली त्या वर्षापासून ती हा दुसरा आवाज गात आली होती. कौतुक व्हायचं ते पहिल्या आवाजाच्या बायकांचं. सेकंडबाईला उपासनेनंतर कुणी विचारलंच तर एवढंच, की अगंबाई, आज तुम्ही पण गात होता का? त्यावर ती हसून म्हणायची, मी नसते म्हणजे कळलं असतं. म्हणायची चेष्टेत, पण मनातून तिला याची पक्की खात्री होती, आणि पुढचं सगळं दुखणं तिथूनच सुरू झालं.

एरवी ती पडद्यांच्या दुकानात शिवणकामाला होती आणि नवरा प्लंबर होता. प्लंबरचा आवाज मोठा होता आणि सुराशी त्याचं लहानपणापासून वाकडं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी बायकोच्या कौतुकापोटी तो असा काही गायला, की ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी मध्येच हात थांबवून खाली वाकून पाहिलं, भाता फाटला की काय म्हणून. घरी येताना सेकंडबाईने त्याला जमेल तितक्या गोडीगुलाबीने सांगितलं, "देवाला मन कळतं. तुम्ही आपले नुसते ओठ हलवा." प्लंबरने ते निमूटपणे मान्य केलं. तेव्हापासून तो शेवटच्या बाकाच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसायचा आणि मोठ्या निष्ठेने ओठ हलवायचा. चर्चच्या मंडळीतली पोरं त्याला मुके काका म्हणायची. त्याने तेही कधी मनाला लावून घेतलं नाही, उलट त्याच पोरांच्या सायकलींची पंक्चरं फुकट काढून दिली.

मग सेकंडबाईला खोकला लागला. आधी तो साधा वाटला. काही केल्या हटेना, अंगावरचे कपडे लोंबायला लागले, तेव्हा कुठे ती तपासायला गेली. निघाला क्षय, आणि तोही नेहमीच्या औषधांना दाद न देणारा. मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या अंगाला अशा रोग्यांसाठी वेगळी इमारत होती. तिथे एकेकाला एकेक खोली, आणि खिडक्या ऊन असो थंडी असो, सताड उघड्या. भेटायला येणाऱ्याने आत पाऊल टाकायचं नाही. खाली अंगणात उभं राहून वरच्या खिडकीशी बोलायचं. मुलगी लांबच्या शहरात होती, तिच्या अंगावर पिणारं बाळ होतं, तिला तर येऊच नकोस म्हणून बजावलं होतं. त्या नातवाला सेकंडबाईने अजून मांडीवरसुद्धा घेतलं नव्हतं. पडदे शिवण्यात जन्म गेला आणि नशिबी आली ही बिनपडद्याची खिडकी, असं ती पहिल्या दिवशी सिस्टरला म्हणाली होती. तेव्हा तिला अजून चेष्टा सुचत होती.

सिस्टर म्हणजे त्या मजल्यावरची नर्स. तिच्या तोंडावर कायम मास्क, त्यामुळे ती हसली की रागावली हे डोळ्यांवरूनच ओळखायचं. सेकंडबाईने शेवटची गोळी गिळेपर्यंत ती समोरून हलायची नाही. गोळ्या मूठभर असायच्या. त्या घेतल्या की दिवसभर मळमळायचं, कानांत शिट्टी वाजत राहायची आणि पाणीसुद्धा लोखंडासारखं लागायचं. या गोळ्या महिनोन्महिने घ्यायच्या होत्या आणि अजून निम्मी वाटही सरली नव्हती.

गायकवृंदातल्या बायका प्रेमळ होत्या. त्यांनी एका रविवारची सगळी गाणी फोनवर टिपून तिला पाठवली. सेकंडबाई फोन कानाशी धरून पलंगावर टेकून बसली. शेवटी नेहमीचं गीत आलं, उपासना संपताना दर रविवारी म्हणायचं, वाट अवघड असली तरी प्रभू पुढे चालतो आहे अशा अर्थाचं. तिने कान टवकारले. आता आपल्याविना खिंडार पडलेलं ऐकू येईल, आता गाणं एका बाजूला कलेल, असं तिला वाटत होतं. तसं काही झालं नाही. गाणं सुरेख झालं होतं. तिने ते पुन्हा लावलं, पुन्हा सुरेखच लागलं. मग तिने फोन बंद करून पलंगाशेजारच्या खणात टाकला. तिच्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं, आणि हे तिला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी तिने तेच गीत स्वतः म्हणायला घेतलं. श्वास पुरत नव्हता, पण आवाज अजून बरा होता. पहिलं कडवं झालं तेव्हा सिस्टर दारात थर्मामीटर घेऊन उभी होती.

"बाई, हे कुठलं गाणं?" तिने विचारलं. "चालच लागत नाही याची."

सिस्टर काही वाईट मनाने बोलली नव्हती. तिला खरंच कळलं नव्हतं. कळणार तरी कसं? दुसरा आवाज एकटा ऐकला तर तो काही गाण्यासारखा लागत नाही. तीनतीन अक्षरं एकाच सुरावर थांबतो, मध्येच विनाकारण खाली उतरतो आणि वर जावं तिथे जागच्या जागी बसून राहतो. सिस्टर गेल्यावर सेकंडबाईने मुख्य चाल म्हणून पाहिली. ती तिला तोंडपाठ होती, जन्मभर शेजारी उभं राहून ऐकलेली. पण गळ्याला सवय दुसरीच. दुसऱ्या ओळीवर पोहोचेपर्यंत गळा आपसूक खाली उतरे आणि तिच्या नेहमीच्या वाटेला लागे. तीनदा असं झाल्यावर तिने नाद सोडला.

प्रार्थनेचंही तसंच झालं. इतकी वर्षं ती मंडळीबरोबर प्रार्थना करत आली होती. पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, सुरुवात करायची, सगळ्यांनी उचलायचं, शेवटी सगळ्यांनी मिळून आमेन म्हणायचं. आता खोलीत एकटी डोळे मिटून ती "हे प्रभू" म्हणायची आणि थांबायची, जणू पुढचं कुणीतरी उचलणार आहे. खोलीत नळ ठिबकायचा तेवढाच आवाज. मग तिच्या मनाने घेतलं, की आपला विश्वास सगळा उसना होता. चार माणसांच्या गळ्यात गळा घालून तो उभा होता, माणसं बाजूला झाल्यावर त्याचा मागमूस उरला नाही. आपण देवाच्या घरात आयुष्य काढलं आणि देवाशी एकटीने दोन शब्द बोलायला शिकलो नाही. हा विचार एकदा डोक्यात शिरल्यावर तिला गोळ्या गिळवेनात. कशासाठी गिळायच्या, हेच कळेना.

तिने डॉक्टरांना सांगून टाकलं, की सोमवारी मी घरी जाते. डॉक्टर तरुण होते पण समजूतदार होते. त्यांनी खुर्ची ओढून सावकाश समजावलं, की औषध मध्येच सोडलंत तर आजार दुप्पट जोराने उलटेल आणि मग आमच्याकडे द्यायला काही उरणार नाही. सेकंडबाई म्हणाली, मला समजलं. डॉक्टरांनी सिस्टरकडे पाहिलं, सिस्टरने छताकडे पाहिलं. शेवटी डॉक्टर म्हणाले की निदान घरच्यांशी बोला.

घरचे म्हणजे प्लंबर. तो रोज काम आटोपून, हत्यारांची पिशवी खांद्याला लावून यायचा, फाटकाशी जेवणाचा डबा द्यायचा आणि तिच्या खिडकीखाली बादली उपडी घालून बसायचा. मग कुणाच्या घरी कुठला पाइप फुटला, कुणाच्या टाकीत मेलेली पाल निघाली, असल्या बातम्या ओरडून सांगायचा. वरच्या मजल्यावरच्या इतर रोग्यांनाही त्या पाठ झाल्या होत्या. शनिवारी तो असाच बसला असताना सेकंडबाईने खिडकीतून सांगितलं, की मी परवा घरी येते आहे, आणि डॉक्टर काय म्हणाले तेही काही न लपवता सांगितलं.

प्लंबर बादलीवरून उठला. मग भिंतीवरच्या पाइपाकडे बोट दाखवून म्हणाला, की हा सांधा गळतोय, यांना सांगायला पाहिजे.

सेकंडबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मरणाची गोष्ट करते आहे आणि तुम्हाला पाइप सुचतो, असं ती म्हणाली. प्लंबर खाली मान घालून म्हणाला, "पाइपचं मला कळतं. बाकीचं तू सांग, म्हणजे कळेल."

आता असलं मनातलं बोलायचं तर ते कानात बोलावं. पण तिला ते पहिल्या मजल्यावरून अंगणात ओरडून सांगावं लागलं. दोन खिडक्या पलीकडचा म्हातारा खोकायचा थांबून ऐकत होता, तरी ती बोलली. मला एकटीला प्रार्थना येत नाही म्हणाली. माझं जे काही होतं ते सगळ्यांच्या आधाराने होतं, आणि त्यांचं तर माझ्यावाचून छान चाललंय. माझा भाग नुसता म्हटला तर त्याला गाणंसुद्धा म्हणत नाहीत. वरची चाल कुणीतरी धरावी लागते, तेव्हा कुठे तो उभा राहतो. इथे चाल धरायला कोण आहे? एवढं बोलून तिला धाप लागली आणि ती खिडकीच्या चौकटीला धरून उभी राहिली.

प्लंबरने सगळं लक्ष देऊन ऐकलं, गिऱ्हाईक गळती कुठे आहे ते सांगतं तेव्हा ऐकायचा तसं. "म्हणजे चाल धरायला कुणीतरी पाहिजे," एवढंच तो म्हणाला, आणि पिशवी उचलून गेला. सेकंडबाईला वाटलं, याच्यापुढे बोलून काय उपयोग. पण तो फाटकातून दिसेनासा होईपर्यंत ती खिडकीतून हलली नाही.

रविवारी सकाळी उपासनेच्या वेळी ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. खालून हाक आली. प्लंबर अंगणात उभा होता. अंगात चर्चचा कोट, पायांत पॉलिश केलेले बूट, केस पाणी लावून चापून बसवलेले. त्याने आजवर ताप असतानासुद्धा उपासना चुकवली नव्हती.

"चर्चला नाही गेलात?" तिने विचारलं.

"चाल धरायला आलोय," तो म्हणाला. "शेवटचं गीत म्हणू. आता थोड्या वेळात तिकडेही तेच म्हणतील."

"अहो, नको," सेकंडबाई घाईने म्हणाली. "इथे आजारी माणसं आहेत."

पण प्लंबरने घसा खाकरला होता. त्याने दोन्ही हात कोटाच्या शिवणीशी सरळ सोडले, शाळेत कविता म्हणून दाखवणाऱ्या मुलासारखे, आणि सुरू केलं. आवाज पूर्वी होता तसाच होता, मोठा आणि खरखरीत. सूर कुठे चढला कुठे घसरला याला धरबंध नव्हता. पलीकडच्या खिडकीत म्हाताऱ्याचं डोकं आलं. सिस्टर हातातला गोळ्यांचा ट्रे तसाच घेऊन दारात येऊन थबकली. सेकंडबाईने लाजेने डोळे मिटून घेतले आणि आता हे कधी संपतं एवढ्याचसाठी ती ऐकत राहिली.

ऐकता ऐकता तिने डोळे उघडले. तो चाल म्हणत नव्हता. सूर फाटत होता, तरी वळणं ओळखीची होती. पहिली तीन अक्षरं एकाच सुरावर थांबली. मग तो खाली उतरला, जिथे उतरायचं काही कारण नसतं तिथे. वर जावं तिथे तो जागच्या जागी बसून राहिला. आणि शेवटच्या शब्दाच्या आधी त्याने मध्येच श्वास घेतला. तो श्वास तिचा होता. ती तिची जुनी खोड होती, ऑर्गनवाल्या बाई त्यावरून तिला कायम बोलायच्या, आणि जगात दुसरं कुणीही त्या जागी श्वास घेत नाही.

"अहो," ती म्हणाली, "ही चाल नाही. हा माझा भाग आहे."

प्लंबर गोंधळला. "गाणंच म्हणतोय की."

"गाण्याची चाल वेगळी असते. वरची. पहिल्या आवाजाच्या बायका म्हणतात ती."

त्याने खरोखर आठवून पाहिलं असावं. मग त्याने प्रामाणिकपणे मान हलवली.

"असेल," तो म्हणाला. "मला माहीत नाही. मी कधी ती ऐकली नाही. मी तुझंच ऐकत होतो."

सेकंडबाईने ओढणीच्या टोकाने तोंड दाबून धरलं. आपण याला गप्प बसवलं आणि हा माणूस इतकी वर्षं मागच्या बाकावर बसून, एवढ्या सगळ्या आवाजांतून फक्त आपला आवाज वेचत राहिला. पहिल्या बाकावरच्या लोकांनासुद्धा जो कधी ऐकू आला नाही, तो याने श्वासासकट पाठ केला. याच्या लेखी गाणं म्हणजे एवढंच. तिचं याच्यावर प्रेम होतंच, रोजच्या वापरातलं, डब्यात काय आहे आणि बूट का नाही पुसले असलं; पण त्या क्षणी ते असं उसळून आलं की तिला खिडकीची चौकट पुन्हा धरावी लागली.

आणि मग तिला दुसरं सुचलं, आणि ते सुचल्यावर ती पलंगावर बसलीच. प्रभू मेंढपाळ, आणि मेंढरं मेंढपाळाचा आवाज ओळखतात, हे तिने लहानपणापासून चर्चमध्ये ऐकलं होतं. तो मेंढरांचा आवाज ओळखतो का, हे तिने कधी कुणाला विचारलं नव्हतं. ज्याला सूर म्हणजे काय ते कळत नाही अशा एका प्लंबरला जर हे जमलं, केवळ जीव लावला म्हणून जमलं, तर ज्याच्यापुढे ती इतकी वर्षं गात होती त्याला काय ऐकू येत असेल? तिने सगळ्यांत मिसळून म्हटलेलं प्रत्येक आमेन त्याने वेगळं ऐकलं असेल. खोलीत नुसतं "हे प्रभू" म्हणून ती थांबली तेव्हा, ते तेवढंसुद्धा त्याने ऐकलं असेल. तिचा विश्वास उसना होता की स्वतःचा, याचा हिशोब तिने मांडला होता, त्याने मांडला नव्हता. तिला रडू आलं, आणि हे रडू दुःखाचं नव्हतं.

खाली प्लंबरला वाटलं, आपल्या गाण्याने घात केला. तो वर पाहून म्हणाला की नसेल बरोबर तर राहू दे, मी ऑर्गनवाल्या बाईंकडून खरी चाल शिकून येतो.

"काही शिकू नका," सेकंडबाई खिडकीत येऊन म्हणाली. "आहे तेच म्हणा. मी पण म्हणते."

मग दोघांनी म्हटलं. दोघांचाही दुसराच आवाज, एक वरून आणि एक खालून, आणि धाप लागली की ती थांबायची, तो पुढे ओढायचा. कानाला ते काही धड लागत नसणार, कारण चाल तिथे कुणीच म्हणत नव्हतं. चाल त्या वेळी गावाच्या दुसऱ्या टोकाला, चर्चमध्ये म्हणत होते. दुसऱ्या कडव्यात हे सेकंडबाईच्या लक्षात आलं. ते तिकडे, आपण इकडे; त्यांना आपण ऐकू येत नाही, आपल्याला ते ऐकू येत नाहीत. पण गाणं एकच चाललं होतं, आणि ते सबंध ऐकणारा कुणीतरी होता. ती चालीसाठी जागा सोडून गात राहिली, जशी नेहमी गायची.

गाणं संपल्यावर म्हाताऱ्याने पलीकडच्या खिडकीतून विचारलं, की हे रोज होणार आहे का. त्याच्या विचारण्यात भीती जास्त होती. प्लंबरने सांगितलं की फक्त रविवारी.

सिस्टर ट्रे घेऊन आत आली. तिचे डोळे ओले होते की वाऱ्याने झोंबले होते, मास्कमुळे सांगता येत नव्हतं. डॉक्टर विचारत होते म्हणाली, उद्याचं तुमचं नक्की ना, तशी तयारी करायची आहे. सेकंडबाईने तळहात पुढे केला. सिस्टरने गोळ्या त्यावर ओतल्या. तिने त्या एकेक करून गिळल्या, दर वेळी तोंड वेडंवाकडं करत, मध्ये एकदा उलटी दाबत, आणि शेवटची गेल्यावर पाण्याचा पेला परत दिला.

"त्यांना सांगा, मी नाही जात," ती म्हणाली.

खाली प्लंबर निघाला होता. कोट खराब होऊ नये म्हणून तो काढून हातावर घेऊन चालला होता, आणि फाटकापर्यंत गुणगुणत गेला. त्याच्या गुणगुणण्याने फाटकावरचा रखवालदार दचकला. सिस्टर गेल्यावर खोलीत पुन्हा शांतता झाली. मळमळ सुरू झाली होती, कानात शिट्टी वाजत होती, महिने अजून तेवढेच शिल्लक होते. सेकंडबाई भिंतीला टेकून बसली आणि तिने डोळे मिटले.

"हे प्रभू," ती म्हणाली, आणि या वेळी पुढचं कुणी उचलेल म्हणून थांबली नाही. "मी आहे इथे. आवाज ओळखलास ना."